आमचे टेकू चोरीला गेले

धंदा रक्तातच असावा लागतो, असं माझ्या सासऱ्यांचं मत होतं. माझं रक्त त्यांनी कधी तपासलेलं नव्हतं, पण त्यात धंदा नाही याची त्यांना पक्की खात्री होती. माझ्या रक्तात शिवण आहे, तिखटपणा आहे आणि उलट उत्तरं आहेत, एवढं ते मोठ्या मनानं मान्य करायचे.

आमचं काम गाद्यांचं. कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. रस्त्याकडे मोठी खिडकी, खिडकीशी माझं शिलाई मशीन, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे आणि मधोमध ते लांबरुंद लाकडी टेबल, ज्यावर बाबा, म्हणजे माझे सासरे, गादीला टाके घालतात. लग्न होऊन आले ती मी थेट त्या मशीनवरच बसले म्हटलं तरी चालेल. खोळी मी शिवायच्या, भरायचं काम आमच्या ह्यांचं, टाके बाबांचे आणि चहा आईंचा, म्हणजे सासूबाईंचा. सकाळचं ऊन नेमकं माझ्या सुईवर पडतं. मला ती खोली फार आवडते. नवऱ्यापेक्षा जास्त आवडते असं हे म्हणतात, आणि मी ते कधी खोडून काढलेलं नाही.

पण लोक आता तयार गाद्या घेतात. मोठ्या दुकानातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वळकटी येते, घरी सोडली की फुस्स करून फुगते, झाली गादी. आमच्याकडची गिऱ्हाइकं रोडावत गेली. शेवटी एक दिवस जेवताना बाबांनी जाहीर केलं की पुढची खोली भाड्यानं द्यायची. फोन विकणारा एक माणूस तयार आहे, महिनाअखेरीस तो माप घ्यायला येईल. टेबल काढून टाकायचं, आणि माझं मशीन मागं, न्हाणीघराच्या दाराशी.

"न्हाणीघराच्या दाराशी?" मी ताटावरून उठलेच. "मशीन तिथं जाणार नाही बाबा. वेळ आली तर मी ते डोक्यावर घेऊन रस्त्यात बसेन."

"बस की. पण विकशील काय?"

माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. घरात असं क्वचितच होतं, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघत होते. मला खरोखरच माहीत नव्हतं काय विकायचं. भाडं, न्हाणीघर, मशीन, हे सगळं मी पचवलं असतं. पण उत्तर नाही म्हणून गप्प बसावं लागलं, ते काही केल्या पचेना.

दोन दिवस मी भांडी आपटत काढली. तिसऱ्या दिवशी वाचनालयाच्या दारावर एक पाटी दिसली. 'नवा धंदा कसा काढावा? शिकता येतं! दर मंगळवारी संध्याकाळी.' त्यातल्या 'शिकता येतं' पुढचं ते उद्गारचिन्ह मला इतकं उद्धट वाटलं की मी लगेच नाव घातलं.

बाबा हसता हसता खोकायला लागले. "धंदा शिकायला? वर्गात बसून? उद्या शिंकायचाही वर्ग काढतील!"

"पोहायला शिकतात ना माणसं?"

"मासा शिकतो का?"

"आपण मासे नाही आहोत बाबा. म्हणून तर बुडतोय."

हे मी बोलायला नको होतं, कारण बाबांचा चेहरा पडला. पण ते खमके. पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "बरं. मग पैज. फोनवाला माप घ्यायला यायच्या आत घराबाहेरच्या एका, फक्त एका माणसाला तुझ्या डोक्यातून निघालेली वस्तू खरोखर हवीशी वाटली पाहिजे. तोंडदेखलं 'छान आहे हो' चालणार नाही. वाटली तर खोली तुझी. नाहीतर मशीन मागं, आणि मला एक शब्द ऐकवायचा नाही."

"आणि मी जिंकले तर तुम्ही कबूल करायचं, की हे शिकता येतं."

"हं," बाबा म्हणाले. एवढ्यावर ठरलं.

वर्ग घेणाऱ्या बाई ठेंगण्या, गोल आणि विलक्षण आनंदी होत्या. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं की त्यांनी चार धंदे काढले. पहिले दोन आपोआप बुडाले, तिसरा त्यांनी स्वतः मेहनत घेऊन बुडवला, आणि चौथा चालला. "चौथ्याच्या वेळी मी हुशार झाले नव्हते," त्या म्हणाल्या, "फक्त कुठे बघायचं ते कळलं होतं. तेवढंच शिकवणार आहे."

पहिल्या रांगेतला एक गृहस्थ उठून म्हणाला, माझ्याकडे एक जबरदस्त कल्पना आहे.

"तिला बाहेर बसवा," बाई म्हणाल्या. "इथं कल्पनांना पहिले काही दिवस बंदी आहे. आधी बघायला जा. जिथं माणूस अडतो ना, तिथं तो काहीतरी तात्पुरतं करून वेळ मारून नेतो. ते तात्पुरतं शोधा. दोरी बांधलेली, कागदाची घडी खुपसलेली, चप्पल उशाला घेतलेली. तिथंच धंदा लपून बसलेला असतो."

मग काय विचारता! माझ्या अंगात वारं शिरलं. आमच्या ह्यांनी कपाटाचं दार सुतळीनं बांधलं होतं, मी झडप घालून विचारलं, "हे तुम्ही केव्हापासून करताय? का करताय? अजून काय करून बघितलं?" हे घाबरून म्हणाले, "आज दुरुस्त करतो गं, रागावू नकोस." आई टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सरकवत होत्या, मी त्यांच्याशेजारी जमिनीवर लोळण घेतली. शेजारच्या बाईंनी मोडक्या बादलीच्या कडीला चिंधी गुंडाळलेली दिसली तर मी कुंपणावरून ओरडले, "वा! वा!" त्या माझ्याशी अजून जपूनच बोलतात.

तेवढ्यात नणंदेचं बाळंतपण आलं. मुलगी झाली, सगळं सुखरूप झालं, पण त्याआधी आम्ही दवाखान्याच्या खालच्या हॉलमध्ये अख्खा दिवस बसून होतो. लोखंडी खुर्च्यांच्या रांगा, पाठ पार खांद्याखाली संपणारी. दुपार झाली आणि हॉल पेंगायला लागला, आणि मी पहिल्यांदा नीट बघितलं. एकानं आपला बूट वर्तमानपत्रात गुंडाळून मानेखाली घेतला होता. एका बाईनं नवऱ्याची पँट गुंडाळून भिंतीला लावली होती; नवरा कोणत्या पँटमध्ये होता ते मी बघितलं नाही. दोन अनोळखी माणसं एकमेकांच्या खांद्यावर छान झोपली होती, जागी झाली आणि अशी लाजली की दोघंही उठून वेगवेगळ्या दारांनी बाहेर गेली. आणि आमचे बाबा, अख्खं आयुष्य गाद्या केलेला माणूस, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे टाकत, मध्येच घोरत आणि आपल्याच घोरण्यानं दचकत बसले होते.

मी आमच्या ह्यांचा दंड इतक्या जोरात धरला की त्यांना वाटलं मुलगा झाला.

उशी नको होती. बसल्या बसल्या उशी घसरते. हवा होता आधार. उरलेल्या कापडाचा आणि भरणाचा एक जाड, वाकलेला लोड मी शिवला, एक टोक काखेत अडकवायचं आणि दुसरं कानाखाली येईल असा. त्याला नाव दिलं टेकू. पहिला टेकू ह्यांनी लावून बघितला तेव्हा त्यांना कोणीतरी बखोटीला धरून नेतंय असं दिसत होतं. दुसरा फार मऊ झाला, मान हळूहळू बुडत गेली. तिसऱ्यात भरण घट्ट केलं, टोकाला फक्त सैल ठेवलं, आणि हे बोलता बोलता झोपले. माझं वाक्य चालू असताना! एरवी मी ऐकून घेतलं नसतं, पण त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या.

आईंना टेकू फारच आवडला. आमच्या ह्यांनाही. नणंद म्हणाली, वहिनी, कमाल आहे तुझी. मी फुगून वर्गात गेले आणि बाईंनी एका दमात हवा काढली.

"घरच्यांना विचारलंस? शून्य. घरचे प्रेमानं खोटं बोलतात. आणि परके लोक सभ्यपणानं खोटं बोलतात, त्यांनाही 'आवडेल का' असं विचारायचं नाही. वस्तू त्यांच्यासमोर ठेव आणि बाजूला हो. मग ते काय देतात ते बघ. पैसे, वेळ, कष्ट, काहीतरी पदरचं द्यायला लागलं तरच ते खरं. स्तुतीला काय लागतं? हवा."

"आणि काहीच नाही दिलं तर?"

"तर तुझं चुकलं. पण काय झालं म्हणजे आपलं चुकलं, ते आधीच ठरव आणि कुणाला तरी सांगून ठेव. नाहीतर नंतर माणूस स्वतःलाच गंडवतो."

दवाखान्याच्या हॉलची राखण एक मावशी करायच्या. झाडलोट, हाकाहाक, कोण रांगेत घुसतंय यावर नजर, सगळं त्यांच्याकडे. त्यांना विचारून मी सहा टेकू खुर्च्यांवर ठेवले आणि खांबाआड उभी राहिले. एकाही माणसानं हात लावला नाही. एका बाईनं तर चिमटीत धरून तो दोन खुर्च्या पलीकडे सरकवला आणि हात पुसला. थोड्या वेळानं एक पोऱ्या आला आणि दोन टेकू उचलून थेट प्लास्टर घालायच्या खोलीत घेऊन गेला. मी कपाळाला हात लावला. कापड पांढरं होतं! दवाखान्यात पांढरं काहीही पडलेलं असलं की ते कुणाच्या तरी मोडलेल्या अंगाचं असणार असंच वाटतं.

घरी बाबांनी विचारलं, "काय, लावली का रांग लोकांनी?"

"चुकलं आमचं," मी म्हणाले, आणि मला स्वतःलाच नवल वाटलं, कारण मला रडू येत नव्हतं. का चुकलं ते मला माहीत होतं. ही मजा मी आयुष्यात पहिल्यांदा चाखत होते.

मग मी गाद्यांच्या कापडातलं सगळ्यांत भडक कापड काढलं. लाल पार्श्वभूमीवर ताटाएवढी पिवळी फुलं. एका गिऱ्हाइकानं ते डोळे दुखतात म्हणून परत केलं होतं. त्याचे चार टेकू शिवून ठेवले आणि अजून दवाखान्यातच असलेल्या नणंदेला डबा द्यायला वर गेले. अर्ध्या तासात खाली आले तर एकावर एक म्हातारे गृहस्थ गाढ झोपलेले, एका टेकूवरून दोन बायका कुजबुजत भांडत होत्या, आणि उरलेले दोन गायब.

"मावशी, माझे दोन कुठे गेले?"

"गेले म्हणजे? चोरले की! एकानं शर्टात घातला. इथून पोट घेऊन निघाला, मला वाटलं बाईमाणूस आहे."

बाईंना मी त्याच संध्याकाळी घरी जाऊन गाठलं. त्या दारातच नाचायला लागल्या. "चोरले? अगं वेडे, चोरले! पैसे काय, पैसे कुणीही देतं. त्या माणसानं अब्रू पणाला लावली! याहून मोठी पावती नाही." मग एकदम थांबून बोट नाचवत म्हणाल्या, "पण एकदा झालं ते नशीब. पुन्हा करून बघ. जास्त ठेव. आणि ठरव आधी."

मी घरी आले ती उड्या मारत. जेवायला सगळे बसले होते. मी ताट पुढ्यात घेऊन जाहीर केलं, "आज दोन टेकू चोरीला गेले! उद्या मी डझनभर ठेवणार आहे. संध्याकाळपर्यंत चोरीला गेले तर मी जिंकले. तसेच पडून राहिले तर चुकलं माझं, मशीन स्वतः उचलून मागं नेईन."

"चोरीला जाणं चांगलं असतं का गं?" आईंनी विचारलं.

"सगळ्यांत चांगलं, आई. बाईच म्हणाल्या."

"अस्सं," आई म्हणाल्या. बाबा म्हणाले, "चोरांच्या भरवशावर धंदा. वा!" पण त्यांच्या आवाजात नेहमीची धार नव्हती. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रात्र जागून तयार केलेले बारा टेकू हॉलमध्ये मांडले, मावशींना सांगितलं कोणी नेला तर नेऊ द्या, आणि घरी येऊन मशीनवर बसले. दिवसभर एक टाका सरळ पडला नाही. दुपारी हे बटणं आणायला म्हणून बाहेर गेले. चहाच्या वेळी आई कुणा ओळखीच्या बाईला बघायला दवाखान्यात जाऊन आल्या. संध्याकाळी बाबा पाय मोकळे करायला गेले. मी दिवे लागायच्या सुमारास हॉलमध्ये पोचले. एकही टेकू नव्हता! एकसुद्धा! मी मावशींना मिठी मारली, रस्त्यात एका अनोळखी कुत्र्याला "चोरले रे!" असं सांगितलं, आणि घरात शिरले ती ओरडतच. ह्यांनी मला उचलून गरागरा फिरवलं. आईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा नुसते "हं" म्हणाले आणि लवकर झोपायला गेले. मला वाटलं, हरलेल्या माणसाला जरा एकटं सोडावं.

सकाळी फोनवाला माप घ्यायला आला. लांबोडका, मानेला सारखा हात लावणारा माणूस. दिवसभर दुकानात मान खाली घालून बसावं लागतं म्हणाला. मी त्याला दारातच वाटेला लावणार होते, पण बाबा म्हणाले, "येऊ दे. शब्द दिला होता, मी माझ्या तोंडानं सांगतो." तो टेप घेऊन आत आला. भिंतीपाशी जायला वाट नव्हती, म्हणून बाबांनी टेबलावरची, भरून नुसती कच्च्या टाक्यांनी मिटवलेली गादी सरकवायला हात घातला आणि हात तिथंच थांबला.

बाबांच्या तळहाताला गादी कळते. त्यांनी एकदा हात फिरवला, दुसऱ्यांदा फिरवला. "गाठ आहे. दोन गाठी. ही कुणी भरली?"

भरायचं काम आमच्या ह्यांचं. हे पांढरेफटक पडले. बाबांनी कात्रीनं टाके उसवले, हात आत घातला, आणि लाल पार्श्वभूमीवर ताटाएवढी पिवळी फुलं बाहेर आली. एक टेकू. मग दुसरा.



"अगं," हे म्हणाले, "मला वाटलं, नाहीच कुणी नेले तर... तुझा चेहरा..."

मी काही बोलायच्या आत आई हुंदके द्यायला लागल्या. भाजीवाल्यानं चुकून एक टोमॅटो जास्त टाकला तर तो परत नेऊन देणारी बाई. आत गेल्या, पांघरुणांच्या पेटीचं झाकण वाजलं, आणि पदराखालून दोन टेकू आणून त्यांनी टेबलावर ठेवले. "मला चोरता येत नाही गं," त्या रडत म्हणाल्या. "पाय लटलट कापत होते. पण तू म्हणालीस, चोरीला जाणं चांगलं असतं."

बाईंनी सांगितलं होतं की घरचे प्रेमानं खोटं बोलतात. मला वाटलं होतं जिभेनं. घरचे हातांनीही खोटं बोलतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि ते शिकवून त्यांना मीच तयार केलं होतं, जेवताना, ताटावर बसून! काय झालं म्हणजे मी जिंकले, हे ज्यांना कळायला नको त्यांनाच मी पढवलं होतं. मला ह्यांचा गळा धरावासा वाटत होता आणि गळ्यात पडावंसंही वाटत होतं. दोन्हीला हात उठेना.

फोनवाल्याला काय करावं कळेना. तो भिंतीशी असलेल्या स्टुलावर बसून राहिला आणि हाताशी आलेला एक टेकू कुतूहलानं उलटसुलट करून बघायला लागला.

"काल कुणी काही नेलंच नाही," मी म्हणाले. "सगळे घरातच आहेत. बाबा, तुम्हीही गेला होतात ना संध्याकाळी? काढा. तुम्ही कुठे लपवलेत? माळ्यावर?"

"माझ्याकडे नाहीत."

"खोटं बोलू नका. आता काय उरलंय?"

"नाहीत म्हणतो ना!" बाबा एकदम ओरडले. त्यांचे कान लाल झाले होते. "गेलो होतो मी! चोरायलाच गेलो होतो! अट मी घातली आणि मीच मोडायला निघालो, झालं समाधान? ही आपटाआपट करणारी, कुत्र्यामांजरांशी भांडणारी बाई गेले काही दिवस गाणी म्हणत मशीन चालवत होती. ते बंद पडलेलं मला बघायचं नव्हतं. पिशवी घेऊन गेलो. आणि तिथं एकही नव्हता!"

"एकही?"

"एकही नाही! त्या मावशीला विचारलं, ते फुलांचे लोड कुठे आहेत. ती म्हणाली, 'चोरायचा असेल तर सकाळी यावं लागतं काका, संध्याकाळपर्यंत शिल्लक राहत नाही. लोक उचलतात आणि चालायला लागतात. एक घरंदाज बाई तर थरथर कापत दोन घेऊन गेली, रडत होती बिचारी.'"

आईंनी पदरात तोंड लपवलं.

मी हिशेब घातला. दोन ह्यांचे, दोन आईंचे. ठेवले होते बारा. मी बोटांवर आठ मोजले, पण बाबांचं बोलणं संपलं नव्हतं. ते आता हळू बोलत होते, आणि माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत.

"मी निघणार होतो. तर कोपऱ्यात एक माणूस दिसला. टेकू लावून झोपलेला, तोंड उघडं, हातात कुणाच्या तरी औषधांची पिशवी. मला वाटलं, हा उठला की याचाच पळवावा. म्हणून समोर बसलो. तो उठेचना. मग मी नुसता बघत राहिलो, तो उठून टेकू काखेत मारून जाईपर्यंत." बाबांनी गादीवर हात फिरवला. "अगं, इतकी वर्षं गाद्या केल्या मी. लोक त्या उचलून घरी नेतात. मी केलेल्या वस्तूवर कुणाला झोपलेलं मी कधी बघितलंच नव्हतं. काल तू केलेल्या वस्तूवर बघितलं."

मला रडू फुटलं. ह्यांनाही फुटलं, त्यांना कारणच हवं होतं. आई तर आधीपासून रडतच होत्या. बाबा आमच्याकडे वैतागून बघत म्हणाले, "पुरे आता. खोली तुझी. शिकता येतं, कबूल. आणि मला सांग, मंगळवारी मला त्या वर्गात घेतील का? की रक्त तपासतात?"

मग जे काही झालं ते सांगायची सोय नाही. ह्यांनी आईंना उचललं, मी बाबांना उचलायला गेले तर त्यांनी टेबलाला धरून स्वतःला वाचवलं. उसवलेल्या गादीतला कापूस खोलीभर उडायला लागला, आई हसत हसत शिंकत होत्या, आणि बाबा ओरडत होते की आता गादी पुन्हा कोण भरणार. एवढ्या गोंधळात फोनवाला "बरं, येतो मी, कळलं मला" असं काहीतरी पुटपुटून निघून गेला. माप घ्यायचा टेप तसाच आमच्या स्टुलावर राहिला.

कापूस खाली बसल्यावर मी टेकू आवरायला घेतले. दोन ह्यांचे, दोन आईंचे. टेबलावर तीनच होते.

मी ह्यांच्याकडे बघितलं. "मी नाही गं!" आईंनी दोन्ही हात वर केले. बाबांनी खिसे उलटे करून दाखवले. मग आम्ही सगळ्यांनी एकदमच स्टुलाकडे बघितलं.

बाबा धावले. गेली कित्येक वर्षं जिन्यावरून कठड्याला धरून उतरणारा हा माणूस चपला न घालता रस्त्यावर धावला. "अहो! अहो, थांबा!" आम्ही खिडकीत गर्दी केली. फोनवाला कोपऱ्यापर्यंत पोचला होता, शर्टाखाली पोट घेऊन, आणि तिथं बाबांनी त्याचं बखोट धरलं. आम्हाला वाटलं आता मारामारी होते. पण त्या माणसानं ओशाळून टेकू बाहेर काढला, मानेला लावून दाखवला, काहीतरी बोलला, आणि खिशात हात घातला.

बाबा रस्त्याच्या मधोमध वळले. इतक्या आनंदात मी त्यांना नातीच्या जन्माच्या दिवशीसुद्धा बघितलं नव्हतं.

"अगं ए!" ते भर रस्त्यातून ओरडले. "विकत मागतोय! किंमत काय सांगू?"

मी तोंड उघडलं आणि पुन्हा ते उघडंच राहिलं. "किमतीचं अजून शिकवलं नाही बाबा!" मी खिडकीतून ओरडले. "ते मंगळवारी आहे!"

बाबांनी क्षणभर विचार केला. फोनवाल्याचं बखोट त्यांच्या हातातच होतं.

"मग मंगळवारपर्यंत यांना धरून ठेवू का?"